गच्चीवरचा स्मोक

संपादकांनी पाठवलं होतं गाड्या मॉडिफाय करणाऱ्या पोरांवर लिहायला. अलॉय व्हील, एक्झॉस्ट, खाली बसवलेलं सस्पेन्शन, सगळंच त्यात यायचं होतं. पण भोसरीतल्या एका गच्चीवर गेलो आणि टेललाइटपाशीच अडकलो.

गच्ची ज्याची आहे तो तिशीचा माणूस. आठवडाभर चाकणला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये असतो आणि रविवारी घरी दिवे ‘स्मोक’ करतो. लाल टेललाइटवर पारदर्शक काळा थर, वर चकचकीत क्लिअर. नाव छापायचं नाही ही त्याची एकमेव अट. कारण लेखाच्या शेवटाकडे कळेल.

टेललाइटच्या काचेत काच नसते. बहुतेक गाड्यांत ते अ‍ॅक्रिलिक असतं. १९३३मध्ये जर्मनीत प्लेक्सिग्लास या नावाने बाजारात आलं तेच. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचा, तो वेगळा प्राणी. अमेरिकेत स्मोकचे तयार स्प्रे कॅन मिळतात. आपल्याकडेही मागवता येतात, पण हा गडी लॅकरमध्ये काळ्या रंगाचे मोजके थेंब टाकून स्वतः माल बनवतो. प्रमाण विचारलं तर नुसता हसतो.

त्याची निम्मी सकाळ धुण्यात जाते. डिकीतल्या आतल्या बाजूचे नट काढून, वायरचा सॉकेट सोडवून दिवा बाहेर येतो आणि साबणाच्या पाण्यात बसतो. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमधलं सिलिकॉन त्याचा खरा वैरी. बोटाच्या टोकाएवढं राहिलं तरी रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. थिनर मात्र जवळ आणायचा नाही. अ‍ॅक्रिलिकला तो चढला की आत बारीक तडे जातात आणि ते कशानेच जात नाहीत. मग आठशे नंबरचा वॉटर पेपर, पाण्याखाली, लेन्स दुधाळ होईपर्यंत. गिऱ्हाईक समोर असेल तर इथे त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. नवी कोरी वस्तू कोणीतरी खरवडून टाकतंय ना!

“पहिला हात मारल्यासारखा दिसलाच नाही पाहिजे,” तो म्हणतो. वीतभर अंतरावरून, हात लेन्सच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. एक धूसर फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबणं, पुन्हा एक. घाई झाली की ओघळ. पावसाळ्यात तो काम घेत नाही, कारण दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. प्रत्येक हातानंतर तो लेन्समागे जोडून ठेवलेला बल्ब पेटवून बघतो. मला वाटलं रंग सारखा बसलाय का ते बघतोय. तो बघत होता कुठे थांबायचं ते.

या उद्योगाची सगळी मोहिनी एका साध्या हिशेबात आहे. दिवा पेटलेला असताना प्रकाश थरातून एकदाच जातो, आतून बाहेर. विझलेला असताना दिवसाचा उजेड आत शिरतो, मागच्या चंदेरी वाटीवर आपटून परत येतो. म्हणजे दोनदा. थर निम्मा उजेड अडवत असेल तर पेटलेला दिवा निम्म्याने मंद होतो, विझलेला मात्र पावावर येतो. म्हणून उभी गाडी मागून काळीभोर दिसते आणि ब्रेक दाबला की त्या काळ्यातून लाल उगवतं. चकाकी हवी तीही यासाठीच. पृष्ठभाग खरखरीत राहिला तर उजेड चहूकडे विखुरतो आणि काळं राखाडी दिसतं. क्लिअरवर पुन्हा पंधराशे, दोन हजारचा पेपर, रबिंग कंपाउंड, आणि मग ते खोल पाण्यासारखं काळं. सुंदर दिसतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पण तोच हिशेब रात्री उलटतो. बहुतेक टेललाइटमध्ये एक पट्टा रिफ्लेक्टरचा असतो. आतून बारीक त्रिकोणी कोपरे पाडलेले, आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवणारे. बॅटरी उतरून गाडी रस्त्याकडेला अंधारात पडली तर मागच्या ट्रकवाल्याला ती दिसते ती या पट्ट्यामुळेच. इथेही प्रकाश दोनदा जातो. म्हणजे इथेही पाव.

त्याला हे पाठ आहे. तो रिफ्लेक्टरवर मास्किंग टेप लावून तेवढा भाग लाल सोडतो, आणि भांडणं त्यावरूनच होतात. “दादा, हा लाल डबा कशाला ठेवला? सगळं एकसारखं करा की.” ज्यांचा रिफ्लेक्टर खाली बंपरवर आहे त्यांच्याशी वाद नाही. म्हणजे नसायला हवा. पण मी होतो त्या सकाळी एक जण बंपरवरचेही करून मागत होता. तो परत गेला. दुसरीकडे कोणीतरी करून दिलं असेल.

ब्रेकच्या दिव्याचंही आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत मागच्या दिव्याला किमान ४ कँडेला तेज लागतं, ब्रेकच्या दिव्याला किमान ६०. थर दोघांनाही सारखंच कापतो, त्यामुळे दोन्हींतलं प्रमाण कागदावर तसंच राहतं. दुपारच्या उन्हात मात्र उपयोग त्या ६०चाच असतो. मग लोक जास्त तेजाचे एलईडी बसवतात. फिलामेंटसाठी घडवलेल्या वाटीत ते प्रकाश भलतीकडेच फेकतात. आपल्या १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा असं आहे, आणि १९८८च्या कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही. खिडक्यांच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये बंदी घातली. ती चौकात लगेच पकडतात. टेललाइटकडे कोणी वाकून बघत नाही, असा त्याचा अनुभव. नाव छापायचं नाही ते या नियमांमुळे.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. वरची चकाकी टिकावी म्हणून तो टू-के क्लिअर वापरतो, म्हणजे हार्डनर मिसळायचा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते छातीत गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोडक्या वासानेही श्वास अडकतो. कारखान्यात त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क मिळतो. गच्चीवर रुमाल. “उघड्यावर आहे ना, वारा घेऊन जातो,” तो म्हणाला. वारा जिकडे जात होता तिकडे शेजाऱ्यांची चादर वाळत होती. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी त्याची आई जिन्यातून म्हणाली, “सांगा त्याला, माझं ऐकत नाही.”

अलीकडे उलटी कामंही येऊ लागली आहेत. गाडी विकायची म्हणून स्मोक काढून द्या. थिनर चालत नाही, तेव्हा पुन्हा वॉटर पेपरच, क्लिअरचा थर जाईपर्यंत, मग काळा, मग खालचं आठशेचं खरवडलेलं परत गुळगुळीत करणं. लावण्यापेक्षा वेळ जास्त जातो आणि लेन्सच्या कडांना थोडी काजळी राहतेच. त्याचे तो वेगळे पैसे घेतो, आणि गिऱ्हाईक त्यावर फारशी घासाघीस करत नाही.