अंधारात वाचावयाची अक्षरे

अंधारात चमकणाऱ्या पदार्थास काजव्याची उपमा देण्याचा मोह मजसारख्या भाषेच्या माणसाला होतो. पण ती फसवी आहे. काजवा रासायनिक क्रियेने स्वतःचा प्रकाश निर्माण करतो. हे पदार्थ आधी घेतलेला प्रकाश सावकाश परत करतात. १६०३च्या सुमारास बोलोन्या येथील काशारोलो या जोडे शिवणाऱ्या कारागिराला भाजलेल्या दगडात हा गुण आढळला.

आता झिंक गॅलेटमध्ये क्रोमियमचा अल्पांश घालून, बंद पात्रातील तापलेल्या पाण्यात, मीटरच्या अब्जांशात मोजावे लागणारे कण घडवितात. त्यांच्या स्फटिकरचनेतील उणिवा हेच त्यांचे वैभव. अतिनील किरणांची ऊर्जा तेथे अडकते. हळूहळू सुटताना गडद तांबडा उजेड पडतो. खोल अडकलेली ऊर्जा ऊब मिळेपर्यंत थांबते. अडकविणे हे लेखन, सोडविणे हे वाचन.

गुपित राखले जाते ते विझण्याच्या वेगामुळे. समजा, सारख्याच रंगाने उजळणाऱ्या दोन शायांनी ‘येऊ नये’ असे लिहिले. दिव्याखाली निषेध दिसतो. दिवा मालवताच ‘ऊ नये’ लगेच विझते आणि काही क्षण ‘ये’ एवढेच उरते! रंगाची नक्कल करता येते, विझण्याच्या काळाची करणे फार कठीण. मात्र वाचताना साठा खर्च होतो. मजकूर पुन्हा वाचावयाचा तर कण पुन्हा किरणांखाली धरावे लागतात.