तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

माझ्याकडे वजन कमी करायला येणाऱ्या बहुतेक जणींचा आकडा आधीच ठरलेला असतो: बाराशे कॅलरी. कुणाला मैत्रिणीनं सांगितलेला, कुणाला मोबाइलनं. परभणीत वसमत रोडला दिवसभर खुर्चीत बसून काम करणारीचाही बाराशे आणि जिंतूरकडे कापूस वेचणाऱ्या तिच्या भावजयीचाही बाराशेच. कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकले तेव्हापासून असल्या गोल आकड्यांवर माझा राग आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं कोष्टक पाहा. पंचावन्न किलोच्या बाईला बैठ्या कामात रोज १,६६० कॅलरी लागतात, मध्यम कष्टात २,१३० आणि जड कष्टात २,७२०. नणंद-भावजयीत हजाराचा फरक पडू शकतो, तर दोघींना एकच आकडा कसा लागू पडेल?

आता उदाहरण घेऊन हिशोब करू. वय ४५, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो. आहारतज्ज्ञ मिफ्लिन-सेंट जिऑर नावाचं सूत्र वापरतात, ते १९९० सालचं. वजनाला दहानं गुणायचं, उंचीला सव्वासहानं, आणि बेरीज करायची. त्यातून वयाची पाचपट वजा, वर आणखी १६१ वजा. (पुरुषांनी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे.) उत्तर येतं साधारण १,२८०. म्हणजे ही बाई दिवसभर नुसती पडून राहिली तरी तिला एवढं लागतं, आणि ती बाराशेवर राहून घर, नोकरी, स्वयंपाक सगळं करणार म्हणते! आपल्याकडच्या माणसांसाठी हे सूत्र थोडं जास्तीच सांगतं हे खरं, पण तेवढी सूट देऊनही बाराशेत तिची ओढाताणच होते.

बैठं काम असेल तर त्या १,२८० ला १.४ नं गुणा: जवळजवळ १,८००. त्यातून तीनशे ते चारशे कमी करा. तिचा आकडा चौदाशे ते पंधराशे. रोज तीनशेची तूट म्हणजे महिन्याला नऊ हजार, आणि किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. तेव्हा महिन्याकाठी किलो, फार तर सव्वा किलो. हे ऐकून समोरचीचा चेहरा पडतोच.

अमेरिकेत १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास १,५७० कॅलरींवर ठेवलं होतं. त्याला त्यांनी अर्धी उपासमारच म्हटलं. ती पोरं चिडचिडी झाली, रात्रंदिवस जेवणाचाच विचार करू लागली, काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली. ते पुरुष होते, चालायचेही भरपूर. तरी नेटानं धरलेला डाएट पंधरवड्यात का सुटतो, ते यातून कळतं.

मग ते तीनशे काढायचे कुठून? इथे मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, पंधरा किलोचा तेलाचा डबा तुमच्याकडे किती दिवस पुरतो? पाच माणसांत दोन महिने म्हणाल, तर माणशी रोज पन्नास ग्रॅम तेल झालं, म्हणजे साडेचारशे कॅलरी. तोच डबा तीन महिने पुरवला तर तीनशे. माणशी दीडशे गेल्या आणि ताटातला एक घासही कुणी मोजला नाही. महिन्याला पाच किलो साखर येत असेल तर ती माणशी एकशे तीस कॅलरींची. चहातली निम्मी केली की आणखी साठेक कमी. उरलं शेंगदाण्याचं कूट. शंभर ग्रॅम दाण्यांत पाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि आमच्याकडे कोरड्यास कूट घातल्याशिवाय उतरत नाही. रोज वीस ग्रॅम आवरलं की तीनशे भरले. तर्री कमी झाली म्हणून सासूबाई काय म्हणतील, त्याचं उत्तर कुठल्याच कोष्टकात नाही.

भाकरीला मी शेवटी हात लावते. तीही मोजून. मोबाइलमधली भाकरी कुणाच्या तव्यावरची, कोण जाणे! आपलं पीठ काट्यावर ठेवा. ऐंशी ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी पावणेतीनशेच्या आसपास जाते. पण खाणं कमी केलं की लोह, जस्तही कमी होतं. आपल्याच विद्यापीठाची २०१८ ची ‘परभणी शक्ती’ ज्वारी त्यासाठीच जास्त लोह-जस्ताची काढलेली आहे. भाकरी सोडून एकादशीला साबुदाणा खाणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कॅलरी ज्वारीएवढ्याच, प्रथिनं नावाला, वर कूट आणि तूप.

“मॅडम, मग दीक्षित डाएट?” हे हमखास येतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवायला सांगतात, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. त्यात कॅलरी मोजायच्या नसतात. माझ्या मते मधलं चहा-बिस्किट, फरसाण बंद होतं, म्हणून तूट आपोआप पडते. ज्यांना झेपतं त्यांनी करावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तो असो की माझा आकडा, आधी डॉक्टरांना विचारायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मी आकडा देतच नाही.

दहा किलो उतरल्यावर सूत्र पुन्हा मांडावं लागतं. तीच बाई साठ किलोची झाली की तिची गरज १,८०० वरून १,६५० वर येते. खाणं १,४५० च आहे, पण तूट साडेतीनशेवरून दोनशेवर आलेली. “सगळं तसंच करतेय, काटाच हलेना” म्हणून ती आली की मी लगेच शंभर कमी करत नाही. दोन-तीन महिने आहे तिथेच राहू देते, संध्याकाळचं चालणं वाढवते. आणि मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेल्यावर, नवा आकडा कुणालाच नाही. लिंबू सरबतात साखर कमी आणि मीठ-जिरं चालतं. आमरसाची वाटी मात्र मोजून घ्यायला सांगितली की सगळ्या जणी एकदम दुसरा विषय काढतात.