कांद्याला दिवस कळतो कसा?

कळवणच्या शिवारात उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. तेव्हा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. मार्चअखेर तो १२ तासांवर जातो. या वाढत्या दिवसाबरोबर कांदे पोसू लागतात. युरोपातील कित्येक वाणांना मात्र १४ तासांहून मोठा दिवस लागतो. कळवणला जूनमध्येही दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो. तिथे असे बी लावले तर पात वाढते, पण कांदा धरत नाही. शेतकऱ्याचा हंगामच वाया जातो.

पातीतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य प्रकाश ओळखते. पण वाढ घडवतात ती संप्रेरके. या दोहोंना जोडणारा महत्त्वाचा दुवा म्हणजे विकरे. टाकीत पाणी किती राहील हे भरणारा आणि रिकामा करणारा असे दोन नळ ठरवतात. तसेच एक विकर संप्रेरक तयार करते, दुसरे ते निकामी करते.

अंधारात उंच वाढलेले वाटाण्याचे रोप उजेडात आणले, की जिबरेलिन बनवणारे विकर मंदावते आणि ते निकामी करणारे वाढते. काही तासांतच जिबरेलिन घटते आणि उंचीला आळा बसतो. आपण वर्गात शिकवतो तो मेंडेलचा बुटका वाटाणाही याच घराण्यातला! त्याच्यात जिबरेलिन बनवणारे विकर सदोष असते, हे १९९७ मध्ये उलगडले.

आता कांदा. कांदा म्हणजे पानांचे फुगलेले तळ. तेथील पेशींभोवती आतून सूक्ष्मनलिकांची कडी असतात. पिंपाला लोखंडी कडी असतात, तशीच. जिबरेलिन ती कडी टिकवते, म्हणून पेशी उभी वाढते. १९८४ मध्ये जपानी संशोधकांनी जिबरेलिनची निर्मिती रोखणारे रसायन वापरले, तेव्हा त्या पेशी आडव्या फुगल्या. कांदा धरण्यात संप्रेरक घटण्याला किती महत्त्व आहे, हे यावरून दिसते.

वर्गात करून पाहा : दोन कुंड्यांत भिजवलेले वाटाणे लावा. एक खिडकीत ठेवा, दुसरी बंद कपाटात. पाणी सारखेच द्या. आठ दिवसांनी उंची मोजा आणि विद्यार्थ्यांना विचारा, अंधारातले रोप जास्त उंच का? ‘उजेड शोधायला’ हे उत्तर येईलच. मग पुढचा प्रश्न टाका : शोधायला सांगितले कोणी?