टोपीचा स्वेटर : आजीची वीत आणि माझी पट्टी

आपल्या घरांत मोठ्यांचे कपडे केव्हाच शर्ट, पँट, जॅकेट झाले. पण बाळाच्या कपड्यांची नावं अजून मराठीच आहेत. झबलं, टोपडं, दुपटं, लंगोट आणि बारशाची कुंची. कुंची म्हणजे डोकं, कान, मान आणि पाठ एकदम झाकणारा कपडा. वर टोपडं आणि मागे पाठीवर रुळणारा पदर. ग्वाल्हेरच्या थंडीत मात्र नुसत्या कुंचीने भागत नाही. इथे जानेवारीत पहाटे पारा सहा-सात अंशांवर येणं नवलाचं नाही, आणि रांगणारं मूल पाठीवरचा पदर दोन मिनिटांत ओढून टाकतं. म्हणून आमच्या आजीने फार वर्षांपूर्वी कुंचीला बाह्या जोडल्या, पुढे बटणं लावली आणि सगळा कपडा लोकरीत क्रोशाने विणला. बाजारात आज याला हुडी म्हणतात. आमच्या घरी तो ‘टोपीचा स्वेटर’.

आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलाने हा स्वेटर घातला आहे. मी, ताई, इंदूरची आणि वडोदऱ्याची चुलत भावंडं, सगळ्यांनी. या फेब्रुवारीत ताईला मुलगी झाली. गणपतीत ती माहेरी आली तेव्हा कोणीतरी सहज विचारलं, “मग, स्वेटर सुरू केला का?” आजी ८१ वर्षांची आहे. दोन्ही अंगठ्यांच्या सांध्यांत दुखणं आहे, सुई दहा मिनिटं धरवत नाही. ती म्हणाली, “आता विकतचा आणा.”

स्वेटर विकत मिळाला असता. थंडीत इथे तिबेटी स्वेटरांचा बाजार भरतो, तिथे लहान मुलांचे रंगीत ढीग असतात. पण आजीचा स्वेटर कुठेही लिहिलेला नव्हता. तो फक्त तिच्या बोटांत होता. मी बी. ई. झालेला, घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला माणूस. जी गोष्ट एकाच जागी आहे आणि जिची दुसरी प्रत नाही, ती गोष्ट धोक्यात आहे, एवढं माझ्या धंद्याने मला शिकवलं आहे. मी म्हटलं, “आजी, तू सांग, मी विणतो.”

“तुला सुई तरी धरता येते का?”

“तेवढं शिकव. पुढचं मी वहीत लिहून घेतो.”

साखळी आणि खांब

क्रोशाची सुई एकच, टोकाला आकडा. दोन सलायांच्या विणकामात अख्खी ओळ सलाईवर चढलेली असते, एक टाका निसटला की खाली उसवत जातो. क्रोशात मात्र साधारणपणे एका वेळी एकच टाका जिवंत असतो. चुकलं तर दोरा ओढायचा आणि हवं तिथपर्यंत मागे यायचं. नवशिक्यासाठी हा मोठा दिलासा आहे.

आजीची भाषा अशी : ‘साखळी’ म्हणजे पाया. त्यावर उभे राहतात ते ‘खांब’. सगळ्यात बुटका तो ‘मुका खांब’, मधला ‘अर्धा खांब’ आणि पूर्ण उंचीचा नुसता ‘खांब’. शेजारणी टाक्याला ‘फंदा’ म्हणायच्या, आजी ‘टाका’च म्हणते. बाळाच्या स्वेटरसाठी तिची पसंती अर्ध्या खांबाला. मुका खांब कडक बसतो आणि खांबात भोकं पडतात. भोकांत बाळाची बोटं अडकतात.

क्रोशाचं एक वैशिष्ट्य मला आधी माहीत नव्हतं. सलायांचं विणकाम यंत्र करतं, कारखान्यातले बहुतेक स्वेटर तसेच बनतात. क्रोशा मात्र कारखान्यांत आजही यंत्रावर होत नाही. ‘क्रोशे मशीन’ नावाने जी यंत्रं विकली जातात त्यांचं विणकाम वेगळ्या रचनेचं असतं. म्हणजे दुकानात दिसणारी क्रोशाची प्रत्येक वस्तू कोणीतरी हाताने विणलेली असते. आंध्रातलं नरसापूर हे या कामाचं मोठं केंद्र. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे क्रोशाची लेस नेली. तिथल्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली पुस्तक लिहिलं. जगाच्या बाजारात जाणारी लेस विणणाऱ्या या बायकांची गणना ‘गृहिणी’ अशीच होत होती आणि त्यांचं काम फावल्या वेळातलं समजलं जात होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आमच्या घरीही आजीच्या स्वेटरांना आम्ही ‘आजीचा विरंगुळा’च म्हणत आलो. मी विणायला बसलो तेव्हा तास मोजून ठेवले. एका स्वेटरला मला ३४ तास लागले, ते शिकण्याचे दिवस सोडून.

आजचं बाळ आणि जानेवारीतलं बाळ

मी टेप घेऊन भाचीचं माप घ्यायला निघालो तर आजीने थांबवलं. “हिचं आजचं माप घेऊन काय करशील? हिला थंडीत घालायचाय ना?”

हाच बाळाच्या विणकामाचा मुख्य मुद्दा आहे. जन्मतः बाळ साधारण ५० सेंमी लांब असतं, वर्षाचं होईपर्यंत सुमारे ७५. वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. डोकंही पहिल्याच वर्षात सर्वाधिक वाढतं, जन्माच्या वेळचा ३४-३५ सेंमीचा घेर वर्षाला ४५च्या आसपास जातो. आधी छातीपेक्षा डोक्याचा घेर मोठा असतो, वर्षाच्या सुमारास दोन्ही जवळपास सारखे होतात. म्हणून बाळाला डोक्यातून घालायचा कपडा त्रासाचा, आणि आपलं झबलं बहुधा उघडं, बंदांचं असतं. आजीचा स्वेटरही पुढून उघडाच.

सप्टेंबरात भाची सात महिन्यांची होती, जानेवारीत अकरा महिन्यांची होणार. तेव्हा माप धरलं वर्षाच्या मुलाचं.

आजीची मापं वीत आणि बोटांची. “गळ्यापासून काखेपर्यंत सहा बोटं. टोपीची उंची एक वीत दोन बोटं.” मी पट्टी आणली आणि तिची वीत मोजली. १८ सेंमी. सहा बोटं साधारण १० सेंमी भरली. मग चार मिमीच्या सुईने नमुन्याचा चौकोन विणला, धुतला, वाळवला आणि मोजला. १० सेंमी रुंदीत अर्ध्या खांबाचे १६ टाके, १० सेंमी उंचीत १२ ओळी. हा चौकोन विणायचा कंटाळा करू नका. प्रत्येकाचा हात वेगळा. कोणाचा सैल, कोणाचा घट्ट. माझे आकडे तुमच्या हाताला लागू पडतीलच असं नाही, रीत मात्र लागू पडेल.

हिशेब

छाती ४६ सेंमी, आत झबलं आणि बनियन असणार म्हणून ६ सेंमी ढिलाई. ५२ सेंमी म्हणजे ८३ टाके, सोयीसाठी ८४.

विणकाम गळ्यापासून खाली. गळ्याला ४४ टाके, त्यांची वाटणी अशी : पुढचा एक भाग ७, बाही ८, पाठ १४, बाही ८, पुढचा दुसरा भाग ७. जिथे भाग एकमेकांना भेटतात तिथे चार कोपरे होतात. दर ओळीला प्रत्येक कोपऱ्यावर दोन टाके वाढवायचे, एक इकडच्या भागाला, एक तिकडच्या. म्हणजे ओळीला आठ टाके. बारा ओळींनंतर एकूण १४० टाके होतात. त्यातले बाह्यांचे ३२-३२ बाजूला ठेवले की अंगाचे ७६ उरतात. दोन्ही काखांत चार-चार साखळ्या घातल्या की ८४.

हिशेब जुळला तेव्हा मी आजीला दाखवलं. बारा ओळी म्हणजे १० सेंमी, म्हणजे तिची सहा बोटं. तिला काही विशेष वाटलं नाही. “मग मी काय सांगत होते?” एवढंच म्हणाली.

काखेपासून खाली १९ ओळी सरळ. बाह्या प्रत्येकी ३६ टाक्यांनी सुरू करून मनगटाकडे हळूहळू निमुळत्या, २२ ओळी. मनगटाशी दुमड ठेवली तर दोन महिने जास्त चालतात.

टोपी गळ्याच्या त्याच ४४ टाक्यांवरून वर जाते. पहिल्या दोन-तीन ओळींत मानेच्या मागच्या बाजूला १४ टाके वाढवून ५८ करायचे. मग २५ ओळी सरळ, म्हणजे सुमारे २१ सेंमी. आजीची एक वीत दोन बोटं. शेवटी मधोमध घडी घालून वरची कड जोडायची. मागे कुंचीसारखं छोटंसं टोक येतं. ते आमच्या स्वेटराची खूण. पुढच्या दोन्ही कडा आणि टोपीची कड यांवर मुक्या खांबाच्या चार ओळींची पट्टी. एका बाजूला बटणांची घरं.

लोकर २३० ग्रॅम लागली. लुधियानाच्या गिरण्यांची मऊ अॅक्रिलिक ‘बेबी वूल’ सगळीकडे मिळते, धुवायला सोपी. फार केसाळ लोकर तान्ह्यासाठी नको, तंतू तोंडात जातात. एक लक्षात ठेवा : अॅक्रिलिक आगीजवळ वितळतं, खरी लोकर त्या मानाने सहज पेट घेत नाही. शेगडी किंवा हीटरच्या घरात बाळ लांबच ठेवायचं, कपडा कोणताही असो.

गोंड्यांची दोरी

सगळं जुळलं आणि एका गोष्टीवर अडलं. आजीच्या प्रत्येक स्वेटराला गळ्यात ओवलेली दोरी असायची, दोन्ही टोकांना गोंडे. माझ्या बाराव्या महिन्यातल्या फोटोत मी तो गोंडा चघळतो आहे. आजीला दोरी हवीच होती. ताई म्हणाली, दोरी नको.

ताईचं म्हणणं हट्टाचं नव्हतं. मुलांच्या टोपीच्या आणि गळ्याच्या दोऱ्या घसरगुंडीत, पाळण्याच्या कडेत अडकून मुलं दगावली आहेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ साली याबद्दल सूचना काढल्या, आणि २०११ पासून तिथे दोन ते बारा वर्षांच्या मापांच्या वरच्या कपड्यांत टोपीला किंवा गळ्याला ओढायची दोरी असणं हा मोठा धोका मानला जातो. युरोपच्या ई. एन. १४६८२ या मानकात लहान मुलांच्या कपड्यांना टोपीच्या आणि गळ्याच्या भागात दोरी चालत नाही.

हे आजीला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. ‘तू इतकी वर्षं धोक्याचं विणलंस’ असं तिला वाटायला नको होतं. ताईनेच सांगितलं. “आजी, तुझ्या वेळी बाळ सतत कोणाच्या तरी मांडीवर असायचं. घरात सात बायका होत्या. मी दुपारी एकटी असते. ही रांगत खाटेखाली गेली आणि दोरी अडकली तर मला कळेपर्यंत उशीर होईल.”

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग मी विणून ठेवलेली दोरी तिने मागितली, उसवली आणि त्याच लोकरीची एक चपटी पाच पाकळ्यांची चकती कशी करायची ते मला सांगितलं. ती टोपीच्या मागच्या टोकाला चारी बाजूंनी शिवली. “गोंडा मागे गेला,” ती म्हणाली, “तोंडात जायचा नाही.”

त्याच दिवशी आम्ही आणखी चार नियम वहीत लिहिले. बटणं लोकरीने नाही, शिवणाच्या पक्क्या दोऱ्याने लावायची आणि दर धुण्यानंतर ओढून बघायची. सुमारे ३१.७ मिमी व्यासाच्या तपासणी-नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं मानतात. आणि अशी बटणं त्यात मावतातच. आतल्या बाजूला दोऱ्याची सुटी टोकं ठेवायची नाहीत, बाळाच्या बोटाला गुंडाळली की रक्त अडतं. झोपताना टोपी काढायची, किंबहुना स्वेटरच काढायचा. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता सोडतं, आणि घरात झोपलेल्या बाळाचं डोकं झाकू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आणि गरम होतंय का हे हाताच्या गारव्यावरून नाही, मानेच्या मागे हात लावून बघायचं. हा शेवटचा नियम आजीचा. डॉक्टरांनीही ताईला तेच सांगितलं होतं.

वहीची दोन पानं

स्वेटर दिवाळीच्या आधी झाला. वहीत दोन पानं भरली, मराठीत, आजीच्या शब्दांत, शेजारी माझे आकडे. आजीने चष्मा लावून ती वाचली आणि एकच दुरुस्ती केली. मी ‘हुड’ लिहिलं होतं, तिथे ‘टोपी’ करायला लावलं. पानांचे फोटो इंदूर-वडोदऱ्याला गेले, तिथून दोघींनी लोकर घेतल्याचं कळवलं.

तुमच्याही घरी असं काही असेल. क्रोशा नसेल तर गोधडी असेल, कुंचीचा कागदी बेत असेल, बाळंतिणीच्या लाडवांचं प्रमाण असेल. दिवाळीत घरी जाल तेव्हा विचारा. ‘अंदाजाने’ असं उत्तर आलं की तिथेच थांबू नका, तो अंदाज मोजून घ्या. सांगणाऱ्याचे हात चालत असतील तर फारच बरं.

भाचीला हा स्वेटर पुढच्या थंडीत होणार नाही. त्याची सोय पानाच्या खाली लिहून ठेवली आहे : दोन वर्षांच्या मुलासाठी कोपऱ्यांच्या ओळी बाराऐवजी चौदा, अंगाचे टाके ९२.