चिबड रानाच्या पोटात

सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि थोडे पुढे गेल्यावर नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तीन नद्यांचे पाणी एकवटते त्याच टापूत जमिनीला उतार अगदी थोडा आहे. त्यामुळे पूर आला की पाणी काठ सोडून रानांत पसरते आणि दिवसच्या दिवस तिथेच थांबते. २००५, २०१९ आणि २०२१ ची वर्षे इथे कोणी विसरलेले नाही. मात्र इथली कितीतरी राने पूर न येणाऱ्या वर्षीही आतून भिजलेलीच असतात. अशा रानाला शेतकरी चिबड म्हणतात. ते चिबडते कसे, हे मातीकडून समजून घ्यायला हवे, कारण उपायांचा क्रम त्यावरच ठरतो.

पूर माती टाकतो ती निवडून. काठ ओलांडला की पाण्याचा वेग मोडतो, आणि वाळू, पोयटा असे जड कण काठालगतच खाली बसतात. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. ते गढूळ पाण्याबरोबर आतपर्यंत जातात आणि पाणी संथ झाल्यावर सावकाश बसतात. म्हणून नदीलगतची मळी भुसभुशीत आणि किंचित उंच असते, तर आतले रान खोलगट आणि भारी. नदीपासून लांब असूनही पाणी तिथेच जास्त काळ कोंडते.

या मातीचा मूळ दगड सह्याद्रीचा काळा पाषाण. त्यापासून बनलेली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला वळीव त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वाट बंद होते. मातीत पोकळी नसते असे नाही. तिच्या घनफळाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळीच असतो, पण ती अतिशय बारीक छिद्रांची. नळीसारख्या छिद्राची रुंदी निम्मी झाली की त्यातून वाहणारे पाणी सोळाव्या हिश्श्यावर येते. भारी रानात पाणी मुरायला एवढा वेळ का लागतो, याचे निम्मे उत्तर या एका हिशेबात आहे.

उरलेले उत्तर खड्ड्यात सापडते. पिकाच्या दोन हंगामांमध्ये मीटर-सव्वा मीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याची एक भिंत सुरीने खरवडून पाहावी. वरची वीतभर माती ढेकळांची, मुळांनी भरलेली. तिच्याखाली वर्षानुवर्षांच्या नांगराने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने दाबलेला घट्ट थर. इथे मुळे आडवी वळलेली दिसली तर ती खूण लक्षात ठेवावी. त्याखाली मातीचे मोठे ठोकळे, एकमेकांवर घासून चकचकीत झालेले. आणखी खाली चुनखडीचे खडे. पाणी वारंवार साचत असेल तर जुन्या मुळांच्या वाटांभोवती तांबूस गंजाच्या रेषा आणि आजूबाजूला राखाडी-निळसर छटा दिसते. हवा नसताना मातीतले लोह विरघळून हलते आणि हवा लागेल तिथे पुन्हा गंजते. खड्डा एक-दोन दिवस उघडा ठेवला आणि तळाशी पाणी पाझरून आले, तर भूजल कुठवर चढले आहे तेही समजते.

पाणी साचल्यावर पिकाचा जीव गुदमरतो तो हवेअभावी. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यात पसरतो. उबदार हवामानात साचलेल्या मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. ऊस पिवळा पडलेला पाहून आणखी युरिया टाकला, तर नायट्रेट झाल्यावर तोही बराचसा याच वाटेने जातो. हे पाहून मला खरेच वाईट वाटते, कारण खर्च खिशातून होतो आणि दुखणे जिथल्या तिथे राहते.

भूजल मीटर-दीड मीटरवर आले की क्षारांचा फेरा सुरू होतो. बारीक छिद्रांतून पाणी वर चढते, उन्हाने उडते आणि क्षार वरच राहतात. नदीचे पाणी गोडे असले तरी त्यात क्षार असतातच. समजा, लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि पाटाने उसाला वर्षभरात दोन मीटर पाणी दिले, तर हेक्टरी सहा टन क्षार रानात येतात. निचरा असेल तर ते खाली धुऊन निघतात. नसेल तर उन्हाळ्यात रानावर पांढरी साय दिसू लागते. पुढे सोडियम वाढले की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि उरलीसुरली छिद्रेही बुजतात. ओली असताना निसरडी आणि वाळल्यावर दगडासारखी होणारी ही चोपण जमीन. तिचा सामू सहसा ८.५ च्या वर असतो. अशा रानात वाफसा हातात धरून ठेवता येत नाही. आज चिखल असतो आणि चार दिवसांनी कुदळ उडते.

चोपण जमिनीला जिप्सम द्यावे हा सल्ला बरोबर आहे, पण तो अर्धा आहे. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावते. मोकळे झालेले सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेले नाही, तर खर्च वाया गेलाच म्हणून समजा. म्हणून आधी निचरा, मग जिप्सम, त्यानंतर ताग किंवा धैंचा गाडणे. निचऱ्यासाठी साधारण एक ते दीड मीटर खोलीवर छिद्रे असलेले पीव्हीसीचे नालीदार पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून, ठरावीक उतार देऊन पुरतात. दोन ओळींमधले अंतर मातीवर ठरते. माती जितकी भारी, तितक्या ओळी जवळ.

खरी अडचण पाइपच्या तोंडाशी येते. ते पाणी सोडायला रानापेक्षा खोल ओढा लागतो, आणि ओढ्यापर्यंतची वाट बहुतेक वेळा चार-पाच जणांच्या बांधांवरून जाते. एकट्याने पाइप घातले तर पाणी फक्त शेजाऱ्याच्या वावरात जाते. त्यामुळे शिरोळ-मिरज भागात हे काम जिथे टिकले, तिथे ते गटाने केलेले दिसते. आधी ओढा उपसून खोल केला जातो, मग मुख्य पाइप आणि शेवटी प्रत्येकाच्या रानातल्या ओळी. दर पावसाळ्यापूर्वी ओढ्यातली पाणकणसे आणि गाळ काढावा लागतो. ते राहून गेले की पाइपचे तोंड गाळाखाली जाते आणि रानातले भूजल पुन्हा वर चढू लागते.