फाइल उघडते, पण मजकूर वाचता येतो का?
फाइल जपायची म्हणजे हार्ड डिस्कवर कॉपी ठेवायची, असं आपल्याला वाटतं. पण मराठीपुरतं बघा. १९९० च्या दशकात डीटीपीवर जुळवलेली कितीतरी पुस्तकं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. फाइल आजही उघडते, पण तो फॉन्ट नसेल तर समोर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

म्हणून आपण तीन कामं वेगळी करू. पहिलं, फाइल बदललेली नाही ना, हे तपासणं. त्यासाठी चेकसम, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेला आकडा. एक बिट बदलला तरी तो बदलतो. दुसरं, फॉरमॅट ओळखणं. त्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं ‘ड्रॉइड’ आहे. तिसरं, मूळ फाइल तशीच ठेवून खुल्या फॉरमॅटमध्ये प्रत काढणं. ‘आर्काइव्हमॅटिका’ ही तिन्ही कामं ओळीनं करतं.

दोन्ही ओपन सोर्स आहेत. फुकट मिळतात हा फायदा दुय्यम. बनवणारे थांबले तरी कोड आपल्या हातात राहतो, हे महत्त्वाचं.

मात्र जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे यातलं कुठलंच सॉफ्टवेअर आपोआप करत नाही. ते आपल्यालाच करायचंय, आणि तेही हे फॉन्ट ओळखणारी माणसं आहेत तोवर.