कोर्टाचा माणूस

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात एक टेम्पो येऊन उभा राहतो. मागे दोन-चार हमाल, एक वकील, टोपी घातलेले म्हातारबुवा आणि त्यांचा मुलगा. पुढे बगलेत फाईल धरलेला, साध्या शर्टपँटमधला एक माणूस. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेली, वाढीव मोबदल्याचा निकाल लागूनही वर्षं उलटली, पैसे काही हातात पडले नाहीत. म्हणून खुर्च्या, संगणक, जमलं तर साहेबांची गाडीही जप्त करायचं वॉरंट कोर्टानं काढलेलं आहे. वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांना ही बातमी नवी नाही. कधी जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची, कधी पाटबंधारे खात्याचे संगणक, कधी अपघाताची भरपाई थकल्यामुळे स्थानकातच अडकलेली एसटी. फोटोत खुर्ची दिसते, शेतकरी दिसतो. फाईलवाला बहुधा कडेला कापला गेलेला असतो. तो बेलिफ.

हुद्द्यानं तो त्या कार्यालयातल्या बहुतेकांपेक्षा खालचा. तरीही त्या तासाभरात उपजिल्हाधिकारी त्याला बसायला खुर्ची देतात, चहा मागवतात आणि ‘थोडी मुदत मिळते का बघा’ म्हणतात. मुदत देणं त्याच्या हातात नसतं, पैसे वसूल झाले असं सांगून परत फिरणंही नसतं. डिक्रीदाराच्या, म्हणजे निकाल जिंकलेल्याच्या, वकिलानं लेखी दिलं तर जप्ती थांबते, नाहीतर पंचनामा सुरू होतो. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याला कायद्यानं तीन महिन्यांची सवड दिलेली आहे, त्यानंतरच अंमलबजावणी करता येते. भूसंपादनाच्या 1894 च्या जुन्या कायद्याखाली वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज चढत जातं. दोन-चार खुर्च्यांनी त्यातलं काय वसूल होणार? पण खुर्ची उचलायला माणूस आला की जी फाईल पाच वर्षं हलत नाही ती पाच दिवसांत मंत्रालयात पोचते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बेलिफालाही.

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात बेलिफ बसतो तो नाझराच्या हाताखाली. नाझर म्हणजे कोर्टाचा खजिनदार, भांडारपाल आणि बेलिफांचा मुकादम. जमा होणाऱ्या रकमा, जप्त मुद्देमाल आणि बजावणीला जाणारे कागद, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. गावं वाटून दिलेली असतात. सकाळी समन्स, नोटिसा आणि वॉरंटांचा गठ्ठा घ्यायचा, दुचाकीला किक मारायची, आणि तारखेच्या आत प्रत्येक कागदाचा अहवाल परत आणायचा. अहवाल आला नाही तर न्यायाधीशांना पुढची तारीख देण्यावाचून गत्यंतर नसतं. दिवाणी दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो तेव्हा आपण वकिलाला आणि न्यायाधीशाला बोल लावतो. पण कित्येक दावे सुरुवातीला अडतात ते प्रतिवादीला समन्स लागलं की नाही एवढ्याच प्रश्नावर.

आणि ते लावणं वाटतं तितकं सोपं नाही. पत्ता असतो ‘मु. पो. अमुक, ता. तमुक’. गावात त्याच नावा-आडनावाचे तिघे, एकाच्या बापाचं नावही तेच. मग पोलीस पाटलाला विचारा, ग्रामपंचायतीत जा, पारावर बसलेल्यांना विचारा. पारावर तर बेलिफाची गाडी वेशीत शिरतानाच बातमी पोचलेली असते. मालक शेतावर गेलेले असतात, शेतावर जावं तर बाजाराला. दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे 1908 च्या कायद्यात, याची बारकाईनं सोय आहे. प्रतिवादी भेटत नसेल, लवकर भेटण्याची शक्यता नसेल आणि त्याच्या वतीनं समन्स घेणारा अधिकृत माणूसही नसेल, तर घरातल्या सज्ञान माणसाला कागद देता येतो, पुरुष असो की बाई. पण नोकराला दिलेला चालत नाही, कारण नोकर कुटुंबात धरलेला नाही. घेणाऱ्यानं सही नाकारली, किंवा वाजवी प्रयत्न करूनही कोणी भेटलं नाही, तर घराच्या बाहेरच्या दारावर किंवा दर्शनी जागी प्रत डकवायची. मग मूळ कागदावर किती वाजता, कशा रीतीनं, कोणाच्या समक्ष आणि घर कोणी दाखवलं हे लिहून परत करायचं.

बेलिफाची भाषा या शेऱ्यांमधून घडली आहे. ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ ‘घरास कुलूप आहे, शेजारी विचारपूस करता बाहेरगावी गेल्याचे समजले.’ ‘समन्स घेण्यास नकार दिला, सबब दाराच्या दर्शनी भागास चिकटवून पंचांच्या सह्या घेतल्या.’ या तीन-चार ओळींवर पुढे एकतर्फी हुकूमनामा उभा राहतो. प्रतिवादी दोन वर्षांनी येऊन म्हणतो, मला कागद मिळालाच नाही. मग बेलिफाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारतात, दार कोणत्या रंगाचं होतं?

या शेऱ्याला बाजारभावही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘मिळून आला नाही’ लिहायला एक बाजू पैसे द्यायला तयार असते, ‘आजच जाऊन या’ म्हणायला दुसरी. लाचलुचपत विभागाच्या सापळ्यांच्या बातम्यांत बेलिफ अधूनमधून असतोच. शंभर मैलांच्या आत त्याच्यावर डोळा ठेवणारं कोणी नाही आणि प्रवासभत्त्यात पेट्रोल भागत नाही, अशी नोकरी दिल्यावर हे घडावं याचं मला नवल वाटत नाही. समर्थन अर्थातच नाही.

एकतर्फी हुकूमनाम्यानं काय होतं याचा सर्वांत कडू धडा याच मातीत गिरवला गेला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, कर्जरोखे पेटवले, आणि दंगा पुणे-नगरच्या गावांत पसरला. चौकशी आयोगासमोर जी दुखणी आली त्यात कोर्ट हे मोठं दुखणं होतं. सावकार दावा लावायचा, कुणबी हजर व्हायचा नाही, निकाल व्हायचा आणि दारात जप्ती यायची. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. त्यानं पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद केलं, आणि रोख्यावर लिहिलेला आकडा तसाच न मानता व्यवहाराच्या मुळाशी जायला न्यायाधीशाला भाग पाडलं.

आजच्या संहितेचं 60 वं कलम वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी. जप्तीला गेलेल्या बेलिफानं काय उचलायचं नाही याची ती यादी आहे. ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे अंगावर लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, आणि पोट भरण्यापुरती जनावरं व बी-बियाणं. शिवाय धार्मिक रूढीनुसार बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. कायद्यात मंगळसूत्राचं नाव नाही, पण महाराष्ट्रातल्या बेलिफाला ते सांगावं लागत नाही. राहतं काय? टीव्ही, फ्रीज, कपाट, दुचाकी. दिवाणखान्यात उभं राहून तो एकेक वस्तू बोलतो, पंच ऐकतात, कागदावर उतरतं: ‘एक लोखंडी कपाट, जुने वापरते, अंदाजे किंमत अमुक.’ आतल्या खोलीत कोणीतरी रडत असतं. शेजारी जिन्यात उभे असतात. घरात शिरायचं ते सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताच्या आत. बाहेरचं दार फोडायचं ते घर ऋणकोच्याच ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल तरच. एकदा रीतसर आत गेल्यावर मात्र आतली दारं फोडता येतात. जप्त मालाचा लिलाव झाला तर त्याच्याशी संबंधित कर्मचाऱ्याला बोली लावता येत नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या नावानंही नाही.

स्थावराची तऱ्हा निराळी. जमीन उचलून टेम्पोत घालता येत नाही, म्हणून ती जाहीर करून जप्त करायची: जागेवर दवंडी, जमिनीच्या ठळक भागी आणि कोर्टात हुकमाची प्रत, गावातली जमीन असेल तर ग्रामपंचायतीतही. कूळ किंवा भाडेकरू कायद्यानं बसलेला असेल तर मालकाला मिळतो तो सांकेतिक ताबा, तोही डकवलेल्या वॉरंटाच्या आणि दवंडीच्या साक्षीनं. अजूनही काही बेलिफ हलगीवाल्याला बरोबर घेऊन जातात आणि त्याची मजुरी डिक्रीदाराकडून देववतात. प्रत्यक्ष ताब्याचा दिवस मात्र जड असतो. मजूर, कुलूपवाला आणि टेम्पो डिक्रीदारानं आणायचे. कुलूप तुटतं, सामान बाहेर येतं, नवं कुलूप लागतं, कब्जेपावतीवर सही होते. किंवा यातलं काहीच होत नाही. दारात भावकी उभी राहते, कोणी रॉकेलचा डबा आणतं, कोणी तिऱ्हाईत ‘ही जागा माझीच’ म्हणून कागद फडकवतो. बेलिफ वाद घालत नाही. ‘अडथळा झाल्याने ताबा देता आला नाही’ असा अहवाल लिहितो आणि परततो. मग अडथळ्याचा अर्ज, त्याची सुनावणी, पोलीस बंदोबस्ताचा अर्ज, त्याची फी. अंगावर कोणी धावून आलंच तर लोकसेवकावरच्या हल्ल्याचं कलम आहे. मारलेली थप्पड मात्र आधी खावी लागते.

मुंबईत याच कामाचा एक खारा अवतार आहे. उच्च न्यायालयाच्या नौवहन अधिकारात जहाजाला अटक होते, आणि ती बजावतो नगरपालांच्या कार्यालयाचा बेलिफ. नगरपाल हे पद आता मानाचं उरलं, पण त्यांच्या कार्यालयाला उच्च न्यायालयाची बजावणी सुटलेली नाही. इंधनाचे पैसे थकले, खलाशांचा पगार थकला, की लाँचनं नांगरवाड्यापर्यंत जायचं, दोरीच्या शिडीनं चढायचं आणि सुकाणूच्या खोलीत वॉरंट डकवायचं. हजारो टनांचं परदेशी जहाज त्या कागदापुढे थांबतं, कारण बंदर मग त्याला सोडत नाही. तालुक्यातल्या बेलिफाला हे सांगितलं तर तो हसेल. इथे डकवलेला कागद दुसऱ्या दिवशी शेळी खाते.

आता या नोकरीचं पुढे काय? कागद पोचवण्याचं निम्मं काम हातून निसटू लागलं आहे. 2002 च्या दुरुस्तीनं कुरिअर आणि ईमेल आत आले, आणि वादीनं स्वतः समन्स बजावण्याच्या हमदस्त पद्धतीला संहितेत स्वतंत्र नियम मिळाला. जून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या अंमलबजावणीत व्हॉट्सॲपवरची नोटीस ग्राह्य धरली: समोरच्यानं पीडीएफ उघडली होती, निळ्या टिका उमटल्या होत्या. करोनाकाळात, जुलै 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ही वाट आणखी मोकळी केली. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले. त्याच प्रकल्पातलं ‘एनस्टेप’ नावाचं ॲप बेलिफाच्या फोनवर आलं आहे. समन्स त्यावरच येतं, दाराचा फोटो काढायचा, पडद्यावर सही घ्यायची, आणि आपण खरोखर तिथे होतो हे उपग्रहाला सांगायचं. ‘मिळून आला नाही’ हा शेरा टपरीवर बसून लिहिण्याची सोय त्यामुळे गेली. प्रामाणिक बेलिफालाही ते हवंच होतं, पिंजऱ्यात दाराचा रंग सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं केव्हाही बरं.

थोडं काम दुसऱ्यांच्या दारीही गेलं. बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्यानं दिवाणी कोर्टाला वळसा घालून तारण ताब्यात घेता येतं. महारेराची वसुली वॉरंटं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, म्हणजे तलाठी-तहसीलदारांकडे. ज्याला गडबड असते आणि ज्याच्याकडे पैसा असतो तो आता बेलिफाच्या वाटेला फारसा येत नाही. घरमालक, भाऊबंद, वाटणीचे दावेदार, अपघातग्रस्त आणि जमीन गेलेले शेतकरी उरतात.

हे उरलेलं काम किती आहे? सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये पेरियम्मल खटल्यात देशातल्या प्रलंबित दरखास्तींचा, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जांचा, हिशेब मागितला आणि त्या सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. ऑक्टोबरात आकडा आला: सुमारे 8 लाख 82 हजार. त्यात सर्वांत वर महाराष्ट्र, सुमारे 3 लाख 41 हजार. हे दावे नव्हेत, जिंकलेले निकाल आहेत. समन्स व्हॉट्सॲपनं जाईल, पण यांतलं घर रिकामं करून द्यायला ॲप येणार नाही.

तरी भरतीत बेलिफ शोधून सापडत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी 4,629 पदांची जाहिरात काढली. त्यात लघुलेखक 568, कनिष्ठ लिपिक 2,795, शिपाई-हमाल 1,266 होते, बेलिफ हे नाव नव्हतं. शिपाई म्हणून लागलेला माणूस काही वर्षांनी बेलिफ होतो, हा ओळखीचा रस्ता आहे. शिपायाला अट सातवी पास आणि धडधाकट शरीर, अर्ज मात्र पदवीधरांचेही येतात. दरखास्तीला सहा महिन्यांची मर्यादा खरंच पाळायची तर याच माणसाला ताब्याच्या दिवशी काय बोलायचं, गर्दी कशी शांत करायची, सामानाची यादी कशी करायची हे आधी शिकवायला हवं, आणि बंदोबस्त वॉरंटाबरोबरच मिळायला हवा, दुसऱ्या अर्जानं नव्हे. सध्या तो हे जुन्या बेलिफाच्या गाडीवर मागे बसून शिकतो. जुना बेलिफ निवृत्त झाला की त्याची गावं, त्या गावांतले तिन्ही नावबंधू आणि कोणत्या घरात कुत्रं मोकळं असतं याची माहिती नव्याला पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागते.